वेगवान मोटार घ्यावी काय?

पोर्शे कंपनीनें २०२१ सालीं काढलेली ९११ जीटी-३ ही मोटार ५१० अश्वशक्तीची असून ताशीं ३१८ किलोमीटर धांवूं शकते. ती विकत घ्यावी काय, हें आमच्या मतें रस्त्यास विचारावें. जर्मनींत महामार्गाच्या बऱ्याच भागास वेगमर्यादा नाहीं. तेथील गिऱ्हाइकाची गोष्ट निराळी. आमच्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मात्र सपाटीसही मर्यादा १०० ची, व ती ही मोटार दुसऱ्या गिअरमध्येंच ओलांडते! वरचे गिअर काय मिरविण्याकरितां घ्यावयाचे? चेन्नई वा कोइमतूर येथील शर्यतीच्या मार्गावर वरचेवर जाण्याची ज्याची तयारी असेल, त्यानें ती खुशाल घ्यावी. इतरांनीं हलकी, वळणावर हातास गोड लागणारी मोटार पाहावी. तिची मौज शंभराच्या आंतच लाभते.