बुडालेली होडी वर कशी येते?

गेल्या महिन्यांत अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांतून आमच्या पुतण्याचें पत्र आलें. तिकडे हिवाळ्यांत तळीं गोठतात. त्या बर्फावर लोक लाकडी खोपटीं नेऊन ठेवितात आणि आंत शेगडी पेटवून, बर्फास भोंक पाडून मासे धरीत बसतात. क्वचित् बर्फ खचतो व खोपट तळ्यांत जातें. मग तें बाहेर काढण्याची जबाबदारी मालकाची. भोवतालचा बर्फ करवतीनें कापावयाचा, फळ्या टाकून भार दूरवर पसरावयाचा, तीन वासे शेंड्याशीं बांधून साखळीची कप्पी अडकवावयाची आणि इंच-इंच वर ओढावयाचें. पत्र ऐकून मुलांनीं विचारलें, "आपल्याकडे असें कांहीं बुडालें तर?"

आम्ही अंधेरीस राहतों. वेसाव्याचा कोळीवाडा घरापासून फार लांब नाहीं. परंतु आमच्या स्वयंपाकघरांत मासळी येत नसल्यामुळें तिकडे पाऊल क्वचितच वळतें, हें कबूल केलें पाहिजे. मुलांस घेऊन गेलों, तेव्हां एका वृद्ध तांडेलांनीं मोठ्या अगत्यानें सर्व समजावून दिलें.

येथें कप्पी लागत नाहीं. ओझें भरती उचलते. पूर्ण ओहोटीच्या वेळीं बुडालेल्या होडीच्या पोटाखालून दोर ओवतात. तिच्या दोहों बाजूंस दोन धड होड्या उभ्या करून त्यांवर आडव्या तुळया टाकतात व दोर त्यांस ताणून बांधतात. पाणी चढूं लागलें कीं धड होड्या वर येतात आणि मधली बुडालेली त्यांच्याबरोबर तळ सोडते. तशीच लोंबकळत तिला किनाऱ्याकडे न्यावयाची, टेकली कीं थांबावयाचें. पुढच्या ओहोटींत ती उघडी पडते, तेव्हां भोंकें बुजवून पाणी उपसावयाचें. दोर सैल राहिला तर सारी भरती फुकट जाते!

मात्र भरती सर्व दिवशीं सारखी नसते. मोठ्या उधाणास ओहोटी-भरतींतील अंतर चार मीटरांवर जातें. भांगाच्या दिवसांत तें निम्म्याहूनही कमी. २०२१ सालचें तौक्ते वादळ १७ मे रोजीं मुंबईजवळून गेलें. कोळीवाड्यांतील अनेक होड्या नांगरावरच आपटून फुटल्या, कांहीं बुडाल्या. त्या दिवशीं वैशाख शुद्ध पंचमी होती, म्हणजे पुढें भांगच. पौर्णिमा २६ मे रोजीं, आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. ज्याची होडी गाळांत खोल रुतली, त्याचे हातीं उधाणाचे चारसहा दिवस, मागून पावसाळा.

होडी वर आली म्हणजे संकट टळलें असेंही नाहीं. खारें पाणी शिरलेलें एंजिन हवा लागतांच गंजूं लागतें. तें त्याच दिवशीं उलगडून गोड्या पाण्यानें धुवावें लागतें, तेलांत भिजवावें लागतें. जाळीं बहुधा गेलेलींच असतात. एका होडीवर दोनतीन बिऱ्हाडांचा संसार चालतो, हें तांडेलांनीं अगदीं सहज सांगितलें. आमच्या सौभाग्यवती मात्र परत येतांना वाटेंत फारशा बोलल्या नाहींत.

मुलांचें कुतूहल अजून शमलेलें नाहीं. काल त्यांनीं देवघरांतील पंचांग काढून पुढच्या अमावास्येवर खूण केली. त्या दिवशीं उधाण पाहावयास पुन्हां वेसाव्यास नेण्याचें आम्ही कबूल केलें आहे.