पहिली गिटार : पारखून घ्या, सुरात लावा

धानाचे चुकारे हाती आले, की घरात मागण्यांची यादी सुरू होते. कुणाला सायकल हवी, कुणाला मोबाईल. अलीकडे त्या यादीत एक नवी मागणी शिरली आहे : "बाबा, मला गिटार पाहिजे." भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडच्या घरात हे ऐकले, की मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. पेटी, ढोलकी, तुणतुणे आपल्या ओळखीचे. ही गिटार कुठली?

पालक बंधु-भगिनींनो, वाद्य कुणा एकाच्या मालकीचे नसते. बाबासाहेबांनी उतारवयात, कामाचा डोंगर समोर असताना, व्हायोलिनची शिकवणी लावली होती. मुंबईच्या 'धम्मा विंग्ज'सारख्या बँडने बुद्ध-भीमगीते गिटारच्या साथीने गायली. तेव्हा मुलीने गिटार मागितली तर "हे आपले काम नव्हे" असे म्हणू नका. मात्र पैसे मोजण्याआधी पारख करा. वाईट गिटार बोटे सोलून काढते, मूल महिनाभरात ती खुंटीला टांगते, आणि घरातले म्हणतात, "आपल्यात कुठे कोणाला जमते!" दोष वाद्याचा आणि बोल लागतो पोरीला. हे नुकसान पैशाहून मोठे आहे.

गिटार मुख्यतः दोन जातींची मिळते. एकीला नायलॉनच्या तारा असतात. त्या बोटांना मऊ, पण दांडी रुंद आणि आवाज सौम्य. दुसरीला पोलादी तारा. आवाज खणखणीत, ढोलकीसोबतही ऐकू येतो. पण सुरुवातीला बोटे दुखतात. कोणती घ्यायची ते मुलाच्या हातावर आणि गाण्याच्या आवडीवर ठरवा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा कधीही चढवू नका. पोलादी सहा तारांचा एकत्र ताण साधारण ७० किलो, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाएवढा असतो. नायलॉनची गिटार तो सोसत नाही, घोडी उखडते. मूल दहा वर्षांच्या आतबाहेर असेल तर पाऊण मापाची गिटार पाहा.

नागपूरला दुकानात जाल तेव्हा रंग आणि चकाकी पाहून भुलू नका. पुढच्या चार परीक्षा कुणालाही करता येतात. पहिली, दांडीच्या टोकाकडून एका डोळ्याने सरळ रेषेत पाहा. दांडी पिळलेली वा धनुष्यासारखी वाकलेली नको. दुसरी, बारावा पडदा आणि तार यांमधले अंतर पाहा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर साधारण तीन मिलिमीटर होतात. पोलादी तार त्याहून उंच असेल तर नवशिक्याची बोटे दाबून दाबून थकतील. तिसरी, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवा. कुठे खरखर येते का ऐका, आणि पडद्यांची टोके हाताला टोचतात का पाहा. चौथी, घोडी बुडाशी सुटलेली नाही ना, तिच्यामागची फळी फुगलेली नाही ना, खुंट्या सैल नाहीत ना, हे तपासा. जुनी गिटार स्वस्तात मिळत असेल तरी याच परीक्षा घ्या. या परीक्षांत उतरलेली जुनी गिटार नव्या चकचकीत गिटारपेक्षा कधीही बरी.

आता सूर लावण्याचे. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. ही इंग्रजी अक्षरे पाहून घाबरू नका. पेटीवर हेच स्वर म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. एकही काळी पट्टी नाही! म्हणजे भजन मंडळाची पेटी असलेल्या कोणत्याही गावात गिटार लावता येते.

सोपी रीत अशी. जाडीकडून दुसरी तार पेटीच्या पांढरी सहाशी जुळवा. मग पेटी बाजूला ठेवली तरी चालते. सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबा. तिचा आवाज नुकत्याच लावलेल्या दुसऱ्या तारेसारखा यायला हवा. मग दुसरी तार पाचव्या पडद्यावर दाबून तिसरी तिच्याशी जुळवा, तिसरी दाबून चौथी. पाचवी लावताना मात्र चौथी तार चौथ्या पडद्यावर दाबायची. शेवटची लावताना पाचवी तार पुन्हा पाचव्या पडद्यावर. दोन तारा जवळ आल्या, की आवाजात लाटा उठतात. लाटा संथ होत थांबल्या, की सूर जुळला. तार नेहमी थोडी सैल करून खालून वर आणा, म्हणजे ती टिकते. बारीक तार चुकून वरच्या सप्तकात ताणाल तर ती तुटेल. तेव्हा डोळे सांभाळा.

मोबाईलवर सूर दाखवणारी फुकट सोय मिळते, तीही वापरा. पण पेटीसोबत वाजवायचे असेल तर त्या पेटीलाच जुळवा, कारण प्रत्येक पेटी मोबाईलच्या मापात असतेच असे नाही. आणि मुलाला कानाने ओळखण्याची सवय लावा. कान तयार झाला की तो आयुष्यभर पुरतो.

भंडारा पितळी भांड्यांचे गाव. गिटारच्या जाड तारांवर जी पिवळी तार गुंडाळलेली असते, ती बऱ्याचदा '८०/२० ब्राँझ' या नावाने विकतात. नाव ब्राँझ, म्हणजे कासे. पण आत ८० भाग तांबे आणि २० भाग जस्त, म्हणजे आपले पितळच! पितळी लोट्यासारखी तीही घामाने काळी पडते. वाजवून झाले की सुक्या फडक्याने पुसावी. उन्हाळ्यात गिटार पत्र्याच्या छपराला लागून ठेवू नये, लाकूड तडकते. पावसाळ्यात ओलसर भिंतीला टेकवू नये, लाकूड फुगते. नव्या तारा काही दिवस ताणत राहतात, त्यामुळे सूर रोज उतरतो. गिटार बिघडली असे समजू नका.

पहिले काही आठवडे बोटे दुखतील. रोवणी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या आईला हे सांगायला नको. घट्टे पडेपर्यंतच त्रास असतो. रोज पंधरा मिनिटे पुरेत, पण रोज. त्या पंधरा मिनिटांत "बंद कर ती कटकट" असे म्हणू नका. जवळ बसा, ऐका. गाणे जमायला वेळ लागेल. घरचे ऐकताहेत हे कळले, तर मूल तोवर वाजवत राहील.