सव्वाएकोणीस मिलिमीटरची वाट

परवा आठ दिवस उधन्याला आक्काकडे राहून आलो. उधना म्हणजे सुरत शहराचाच भाग. यंत्रमागांचा खडखडाट ऐकला की आपल्या वडगाव-शहापूरची आठवण यावी. गल्लीत गुजरातीइतकीच अहिराणी कानावर पडते. विसाव्या शतकाच्या तोंडावर ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि नवापूर, नंदुरबार, अमळनेरची माणसे पुढे याच वाटेने इकडे पोटापाण्याला आली. आमचे दाजीही त्यांतलेच. मागांच्या दुरुस्तीत त्यांची हयात गेली.

निवृत्त झाल्यावर दाजी काय करतात? गच्चीवरच्या खोलीत रेल्वे करतात! आठ फूट लांब, तीन फूट रुंद प्लायवूडवर नवापूर स्टेशन उभे राहते आहे. मदतीला अकरा वर्षांचा नातू. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय दाजींनी एकदा पाहिले आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसले.

मी म्हटले, "दाजी, रूळ तयार मिळतात की बाजारात. हा खटाटोप कशाला?"

दाजींनी कागद पुढे ओढला. छोट्या रेल्वेचे एक प्रचलित माप म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे. त्या मापाच्या तयार रुळांमध्ये साडेसोळा मिलिमीटर अंतर असते, कारण युरोप-अमेरिकेतला नेहमीचा रूळ १४३५ मिलिमीटर रुंद. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागले की सव्वाएकोणीस येतात. आपल्याकडचे बरेच हौशी लोक तयार रुळांवरच भारतीय गाड्या चालवतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण दाजी म्हणाले, "माझं गाव ज्या रुळावर आहे, त्याच मापाचा रूळ मला पाहिजे. तो दुकानात नाही. मग हातानं करायचा."

हाताने म्हणजे कसा? रेडिओच्या सर्किटसाठी तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली फळी मिळते. तिच्या तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या. हे झाले स्लीपर. खरे स्लीपर साधारण साठ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे इथे सात मिलिमीटरला एक. एक मीटर रुळाला सुमारे १४५ स्लीपर लागतात! त्यांवर जर्मन सिल्व्हरचे बारीक रूळ ठेवायचे, पितळेच्या मापाने अंतर धरायचे आणि दोन्ही बाजूंना सोल्डरचा टाका द्यायचा. वीज रुळांतूनच इंजिनाला मिळते. म्हणून प्रत्येक पट्टीच्या मधोमध कानशीने तांबे खरवडून काढावे लागते. एखादी जरी राहिली, तरी दोन रूळ एकमेकांना जोडले जातात आणि सगळेच बंद पडते. गाड्यांची चाकेही आसावर बाहेर सरकवून घ्यावी लागतात, ते निराळेच.

मी गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नेमके तसे झाले. बटण दाबले, इंजिन जागचे हलेना. महिनाभराचे काम. नातवाचा चेहरा पडला. "आजोबा, आता तरी तयार आणू या," असे म्हणून तो खाली निघून गेला. दाजी काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. अलीकडे त्यांचा हात थोडा कापतो. हे पुन्हा उकलून करायचे म्हटले तर हातून होईल का, हा प्रश्न खोलीतल्या सगळ्यांनाच पडला होता.

तेवढ्यात आक्का भिंग घेऊन वाकली. "एकेक बघत जाऊ," म्हणाली आणि मोजू लागली, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..."

मी चमकलो. लहानपणी बेळगावात शेजारच्या अज्जींच्या मांडीवर ती कानडी अंक शिकली होती. लग्नानंतर त्या मुलखात कानडी बोलायला कोण होते? मोजताना मात्र तिच्या तोंडी तेच येतात, हे मला ठाऊक नव्हते. बहुधा तिलाही नसावे.

नातू जिन्यातून परत आला. "आजी, हे काय बोलतेस?"

"मोजतेय. तूही मोज."

बासष्टाव्या पट्टीवर सोल्डरचा केसाएवढा धागा सापडला. "अरवत्तेरडु!" आक्का ओरडली. दाजींनी कानस उचलली, पण हात थरथरला तशी ती नातवाच्या हातात दिली. पोराने जीभ दातात धरून दोन घासे मारले. बटण दाबले. इंजिन हळूहळू नवापुरात शिरले.

हे नवापूर स्टेशन निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावरूनही सीमा जाते. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होतात. दाजींनी बोटाच्या पेरापेक्षाही लहान बाक करून त्यावर मधोमध रेघ ओढली आहे. सीमेवरच्या आपल्यासारख्यांना त्या बाकाचे फारसे नवल वाटणार नाही.

कोपऱ्यात मात्र वीतभर रूळ वेगळाच दिसला. अरुंद, कशालाच न जोडलेला. मापून पाहिला, साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे मीटरगेज! मिरजेला गाडी बदलून बेळगावला जायचे ते दिवस आठवतात ना? १९९० च्या दशकात आपला मार्ग ब्रॉडगेज झाला आणि तो रूळ गेला. आक्का लग्न होऊन निघाली ती त्याच रुळावरून.

"यावर गाडी कुठंय?" मी विचारले.

"गाडी नाही," दाजी म्हणाले. "तिच्या माहेरचा रूळ आहे. असू दे."

आक्का रोज सकाळी फडक्याने तो पुसते.

परमुलखात घरातली भाषाही अशीच असते. आपल्या मापाची तयार मिळत नाही, एकेक पट्टी हाताने बसवावी लागते. काल रात्री नातवाचा फोन आला. "मामाआजोबा, पुढचा मीटर पूर्ण झाला. ऐका!" आणि त्याने ओंदुपासून सुरुवात केली. मध्ये दोनदा अडखळला, मागून आक्काने सांगितले. "नूर नलवत्तैदु"पर्यंत मी फोन कानाला धरून उभा होतो.