सिल्वासाची बिनतारी यंत्रे

‘द किलिंग फील्ड्‌स’ हा १९८४ चा चित्रपट पाहिलेल्यांना शानबर्ग आणि डिथ प्रान ही जोडी विसरता येणार नाही. १९७५ साली नॉम पेन्ह पडले. अमेरिकी वार्ताहर मायदेशी परतला, कंबोडियन सहकारी मागे राहिला. पुढल्या वर्षी शानबर्ग यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रान जिवंत आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हते.

अशा मैत्रीची कथा शोधण्यास कंबोडियापर्यंत जावयास नको. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. दादरा-नगरहवेलीच्या त्या लढ्यात पोर्तुगीजांकडून हस्तगत झालेल्या बिनतारी यंत्रांतूनच पुढे प्रक्षेपक उभा राहिला आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोव्याच्या सीमेलगतच्या जंगलातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते कोकणी व पोर्तुगीज भाषांतून, आधी आंबोलीहून व मग कॅसलरॉकहून, सहा वर्षे चालविले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. सालाझारच्या सेन्सॉरने गाळलेले ही दोघे गोमंतकीयांच्या कानी घालीत. (पावसाळेही त्यांनी रानातच काढले!) १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्तीची वार्ताही त्यांनीच विमानातून ध्वनिवर्धकावरून दिली.

लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली. पण आपल्या गावच्या यंत्रांची ही हकीगत सिल्वासातील किती मुलांना ठाऊक असेल? प्रशासनाने मुक्तिदिनाची भाषणे थोडी आखडती घेऊन या कथेवर चित्रपट काढण्यास साहाय्य करावे, अशी आमची सूचना आहे. हयात साक्षीदारांच्या मुलाखती मात्र प्रथम ध्वनिमुद्रित व्हाव्यात. पटकथा वर्षभराने लिहिली तरी चालेल.