कोरडं फडकं

मंडळी, रंगपंचमी तोंडावर आली. आपल्या इंदूरात राजवाड्याकडे गेर निघते आणि जे गेरेत जात नाहीत त्यांच्याही गाड्या संध्याकाळपर्यंत लाल-गुलाबी होतात. म्हणून या वेळी विषय गाडी धुण्याचा. गाडी धुण्यात शिकायचं काय, असं दीड वर्षापूर्वी मलाही वाटायचं. त्या अडाणीपणात मी बाबांना जे बोललो ते अजून सलतं.

माझ्या पगारातून हप्त्यांवर घेतलेली ही पहिली गाडी. रंग मी हट्टाने काळा घेतला. "काळी गाडी म्हणजे रोजची धूळपूस," आई म्हणाली होती. ती धूळपूस बाबांनी न सांगता अंगावर घेतली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची सकाळ मोकळीच होती. सहाला उठायचं, चहा घ्यायचा, खिळ्यावरचं पिवळं फडकं काढायचं आणि टपापासून बंपरपर्यंत गाडी कोरडी पुसून काढायची. थंडी असो, सर्दी असो, वर्षभर एक दिवस खाडा नाही. मी नऊला ऑफिसला निघायचो तेव्हा गाडीत तोंड दिसायचं.

दिवाळीत एका रात्री पेट्रोल पंपावरच्या झगझगीत दिव्याखाली गाडी उभी होती. बॉनेटवर दिव्याच्या भोवती गोल गोल कोळ्याचं जाळं दिसलं. हात फिरवला तर काही लागेना, पण जिथे दिवा पडे तिथे जाळं. दुसऱ्या दिवशी एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दाखवलं. त्याने मोबाइलचा टॉर्च धरला आणि एकच प्रश्न विचारला, "भिया, रोज सूखा कपड़ा मारते हो क्या?"

मी तणतणत घरी आलो. बाबा पेपर वाचत होते. म्हटलं, "बाबा, गाडीची वाट तुम्हीच लावलीत."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी फडकं खिळ्यावरच होतं. तिसऱ्याही. गाडीवर धूळ चढत गेली आणि बाबा गॅलरीत नुसते बसून राहू लागले. आई मला एवढंच म्हणाली, "त्यांनी कुणासाठी पुसली रे?"

आता नीट वाचायला बसलो तेव्हा कळलं की बाबांची चूक नव्हतीच, काळ बदलला होता. आमच्याकडे पूर्वी फियाट होती. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांचा रंग एकाच प्रकारच्या थराचा असे. उन्हाने वरचा भाग पांढरट पडे, पॉलिश घासलं की तो निघून येई, फडक्याला गाडीचा रंग लागे आणि खालचा ताजा रंग चमकू लागे. म्हणजे घासणं हाच इलाज. आजच्या गाडीत रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. सगळी चमक त्याचीच. आणि त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षाही कठीण. कोरडं फडकं धूळ उचलत नाही, ती दाबून फिरवतं. फडकं कितीही मऊ असो, गाडीवर फिरते ती वाळू.

तेव्हा पहिली गोष्ट ही की कोरड्या गाडीला हात लावायचा नाही. धूळ खुपत असेल तर खुपू द्या, ती नुसती बसून ओरखडे काढत नाही.

एका रविवारी सकाळी मी दोन बादल्या भरल्या आणि बाबांना म्हटलं, "बाबा, मला एकट्याला जमणार नाही. या ना." ते आले, पण हात पाठीमागे बांधून. "दोन कशाला?"

हाच या पद्धतीचा जीव आहे. एका बादलीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. आधी मगाने भरपूर पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्यायची. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, टपापासून सुरुवात करायची आणि अलगद, सरळ रेषेत फिरवायचा. गोल नाही. एक दरवाजा झाला की मोजा आधी साध्या पाण्याच्या बादलीत खळखळून घ्यायचा आणि नंतरच पुन्हा शॅम्पूत. नाही तर गाडीची वाळू शॅम्पूत जाते आणि आपण तीच परत गाडीला लावतो. दरवाज्यांचा खालचा भाग सगळ्यात मळका, तो शेवटी. चाकांना कापड वेगळं, बादलीही वेगळी असली तर उत्तम.

बाबांनी थोडा वेळ पाहिलं. मग आत जाऊन आईची जुनी प्लास्टिकची चाळणी आणली आणि साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी पालथी घातली. "गाळ खाली राहील, मोजा वर," म्हणाले. याच कामाची जाळी बाजारात विकत मिळते, हे मला नंतर कळलं. आई चाळणीवरून अजून बोलते.

भांडी घासायचं लिक्विड वापरू नका. त्याने लगेच ओरखडे येत नाहीत, पण आधीचं वॅक्स धुऊन जातं. उन्हात तर धुऊच नका. तापलेल्या पत्र्यावर फेस जागीच वाळतो. आणि पाण्याकडे लक्ष द्या. आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी येतं, पण ते नसेल त्या दिवशी बोअरचं. ते जड. थेंब वाळले की क्षारांचे पांढरे गोल डाग राहतात आणि मग ते घासून काढायचा मोह होतो. म्हणून धुतल्या धुतल्या टिपायचं. टिपायचं म्हणजे पुसायचं नव्हे. मोठा मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरायचा, वरून हलका हात ठेवायचा, उचलायचा. टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता बाद, मग झटकून परत घ्यायचा नाही. हा नियम बाबा माझ्यापेक्षा कडक पाळतात.

पक्ष्याची घाण वाळली असेल तर खरवडू नका. त्यावर ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा आणि मग अलगद उचला. पण तिला आठवडाभर बसूही देऊ नका, ती रंग खाते.

वॅक्सविषयी थोडक्यात. वॅक्स ओरखडे काढत नाही, ते वरून एक पातळ पांघरूण घालतं. ओरखडे काढायचे तर पॉलिश लागतं आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोटच थोडा घासून कमी करणं. दुकानदार दोन्हीला पॉलिशच म्हणतो, तेव्हा काय करणार ते विचारून घ्या. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशनेही सहसा जात नाही. वॅक्स लावायचं ते धुऊन वाळलेल्या, थंड गाडीला, सावलीत, एका वेळी एकच भाग. जाड थराचा काही फायदा नाही, पुसताना जीव जातो एवढंच. स्पंजावर बोटाच्या पेराएवढं पुरतं. पांढुरकं झालं की स्वच्छ मायक्रोफायबरने अलगद पुसून घ्यायचं. कापडाची चौघडी केली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात आणि हटता हटत नाहीत. पाण्याचे थेंब गाडीवर गोल, टपोरे उभे राहतात तोवर वॅक्स शाबूत आहे. ते पसरायला लागले की परत लावायची वेळ.

बॉनेटवरचं जाळं मी घासून काढलं नाही. थर मुळातच एवढासा, कशाला कमी करा. उन्हात अजून दिसतं. बाबांची माफीही मी सरळ शब्दांत मागितलेली नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. पण रविवारचं वॅक्स आता त्यांचं खातं आहे, मी लावलेलं त्यांना पसंत पडत नाही.

रंगपंचमीसाठी एवढंच. आदल्या दिवशी वॅक्स लावून ठेवा म्हणजे रंग कमी धरतो. गाडीवर कोरडा गुलाल पडला तर हाताने झटकू नका, पाण्याने वाहू द्या. ओला रंग रात्रभर ठेवू नका.

काल संध्याकाळी समोरचे काका गाडीवर पिसांचा झाडू फिरवत होते. बाबांनी गॅलरीतूनच हाक मारली, "अहो, थांबा, थांबा!" आणि चप्पल घालून खाली गेले. अर्ध्या तासाने वर आले ते आईला विचारतच, "आणखी एखादी जुनी चाळणी आहे का गं?"