परिचारिकेचे शिक्षण : शाळा जवळची की खरी?

बारावीचा निकाल लागला, की ज्या घरातील मुलीने परिचारिका होण्याचे मनाशी ठरवलेले असते, त्या घरात आनंदाच्या पाठोपाठ काळजीही येते. गुण तर बरे मिळाले; पण प्रवेश कोठे मिळणार? आज आपण दिल्लीच्या पहाडगंजात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार करू. वाचकहो, आपण इंदूरला असा, बडोद्याला असा वा बेळगावला. अडचण थोड्याफार फरकाने आपलीही तीच असेल.

पहाडगंजातून लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय पायी जाण्याजोगे आहे. लोकनायक रुग्णालयाचे परिचर्या महाविद्यालय तर अहिल्याबाईंच्या नावाचे. मराठी माणसाला ते ऐकूनच आपलेसे वाटते. लाजपतनगर भागातील राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालय 1946 साली सुरू झाले. परिचर्येचे पदवीशिक्षण भारतात ज्या दोन ठिकाणी प्रथम सुरू झाले, त्यांपैकी हे एक. दुसरे दक्षिणेत वेल्लोरला. इतक्या नामांकित संस्था शेजारी असूनही तेथील जागा मोजक्या, आणि त्यांसाठी देशभरातून अर्ज येतात. त्यामुळे घरापासून जवळ असलेली शाळा प्रवेशाच्या दृष्टीने फार दूर ठरते.

नेमक्या अशा वेळी कोणीतरी परिचित वा अपरिचित गृहस्थ घरी येतात. “अमुक शहरात जागा नक्की मिळवून देतो, परीक्षेची गरज नाही, आज निम्मे पैसे भरा,” असे सांगतात. वर्ष वाया जाईल या भीतीने आईबाप पैसे भरूनही टाकतात. एक वर्ष वाया जाणे ही मोठी हानी आहे खरी. परंतु मान्यता नसलेल्या शाळेत तीन-चार वर्षे घालवून हाती निरुपयोगी कागद येणे, ही त्याहून कितीतरी मोठी हानी होय. कारण परिचारिकेला केवळ प्रमाणपत्र पुरत नाही. राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव चढावे लागते. ते चढले नाही, तर कोणत्याही चांगल्या रुग्णालयाचे दार तिला उघडत नाही.

म्हणून पहिला प्रश्न “शाळा कोठे आहे?” हा नसून “शाळेला मान्यता आहे काय?” हा असला पाहिजे. भारतीय परिचर्या परिषद 1947 च्या कायद्याने अस्तित्वात आली. मान्य संस्थांची यादी ती प्रसिद्ध करीत आली आहे. 2023 साली संसदेने नवा कायदा करून या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाची तरतूद केली. तेव्हा कागदपत्रांवर नवे नाव दिसल्यास गोंधळून जाऊ नये. केंद्राच्या यादीबरोबरच ज्या राज्यात शाळा आहे, तेथील परिषदेची आणि पदवीचा अभ्यासक्रम असल्यास विद्यापीठाचीही मान्यता पाहावी. मान्यता संस्थेच्या नावाला आहे की मुलगी शिकणार त्या अभ्यासक्रमाला, हेही बारकाईने वाचावे. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या चौकटीतील कागदावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. पुष्कळ पालक फक्त चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचाच विचार करतात. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. पण तीन वर्षांचा जी.एन.एम. पदविका अभ्यासक्रमही मुलीला त्याच नोंदणीपर्यंत पोहोचवतो, आणि परिषदेच्या नियमांप्रमाणे विज्ञानाखेरीज इतर शाखांच्या मुलींनाही तो खुला आहे. पुढे दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवी मिळवता येते. दोन वर्षांचा ए.एन.एम. अभ्यासक्रम गावच्या आरोग्यसेवेला उपयोगी पडतो. मात्र त्याची पायरी निराळी आहे, हे आधीच समजून घ्यावे. पदवीची जागा हुकली म्हणजे सारे संपले असे नाही. वाट थोडी लांबली, इतकेच.

आता अर्ज कोठे करावेत? प्रथम आपल्याच शहरात. दिल्लीत बारावी झालेल्या मुलीसाठी गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठाच्या महाविद्यालयांत 85 टक्के जागांचा दिल्ली-कोटा असतो. हा हक्क हातचा सोडू नये. त्यानंतर ज्या संस्थांत राज्याची अट आडवी येत नाही, त्यांकडे वळावे. एम्सच्या प्रवेशपरीक्षेतून केवळ दिल्लीचेच नव्हे, तर भोपाळ, जोधपूर, ऋषिकेश येथील महाविद्यालयांचेही दार उघडते. सैन्यदलाच्या परिचर्या महाविद्यालयांपैकी दोन महाराष्ट्रात आहेत : पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे अश्विनी रुग्णालय. तेथे अविवाहित मुलींना ‘नीट’ परीक्षेच्या आधारे निवडतात. शिक्षणाचा भार सरकार उचलते, आणि त्या बदल्यात सैनिकी परिचर्या सेवेत काम करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. मुलीची खरोखरच तयारी असेल, तरच त्यावर सही करावी.

महाराष्ट्राविषयी मात्र सावध राहावे. “आपण मराठी, तेव्हा नागपूरला किंवा पुण्याला आपली जागा आहेच,” अशी अनेकांची समजूत असते. मातृभाषा मराठी असणे आणि महाराष्ट्राचे अधिवासी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तेथील बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा होते, आणि राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबरच शालेय शिक्षण कोठे झाले हेही विचारले जाते. मामाच्या घरचा पत्ता लिहून हे भागत नाही. बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांसाठी कधी सवलत असते. ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून मगच अर्ज करावा.

दूरच्या शाळेची निवड करताना इमारतीपेक्षा रुग्णालय पाहावे. परिचर्या हे हातांनी शिकण्याचे शास्त्र आहे. नाडी पाहणे, जखम बांधणे, रात्रपाळीत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे लक्ष ठेवणे, हे फळ्यावर शिकता येत नाही. म्हणूनच शाळेचे स्वतःचे किमान 100 खाटांचे रुग्णालय असावे, असा परिषदेचा दंडक आहे. शक्य असल्यास प्रवेशापूर्वी एक दिवस तेथे जावे आणि त्या खाटांवर रुग्ण आहेत की नुसत्या चादरी, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. शेवटच्या वर्षाच्या मुलींशी बोलावे. मागच्या तुकडीतील मुलींची नोंदणी झाली काय, बाळंतपणाच्या विभागात किती दिवस काम मिळते, रात्रपाळीहून वसतिगृहात परतताना सोबत असते काय, हे त्यांनाच विचारावे. पैसे भराल ते संस्थेच्या नावाने व पावती घेऊन. मूळ दाखले विनाकारण कोणाच्या हवाली करू नयेत. परराज्यात शिकलेल्या मुलीने प्रथम त्या राज्याच्या परिषदेत नाव नोंदवावे आणि मग ते दिल्लीच्या परिषदेकडे हस्तांतरित करून घ्यावे, हा क्रमही लक्षात असू द्यावा.

राहता राहिला घर सोडून जाण्याचा प्रश्न. “एकट्या मुलीला इतक्या दूर कसे पाठवावे?” ही आईची शंका रास्त आहे, पण ती नवी नाही. 1891 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काशीबाई गणपत शिकण्यास आल्या; परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून त्यांचे नाव आढळते. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन सुरू झाले. ससून रुग्णालयात परिचर्या शिकणाऱ्या स्त्रियांच्या राहण्याची व्यवस्था त्या संस्थेने आपल्या अंगावर घेतली. ज्या काळी विधवा स्त्रीने उंबरठा ओलांडणेही लोकांना खपत नव्हते, त्या काळी सुरक्षित निवारा मिळाल्यामुळे कित्येकींना हे शिक्षण शक्य झाले. मुलींना अडवीत होते ते अंतर नव्हे; विश्वासाने राहता येईल अशा जागेचा अभाव त्यांना अडवीत होता. म्हणून वसतिगृहाची चौकशी ही शिक्षणाच्या चौकशीइतकीच महत्त्वाची समजावी.

पहाडगंजाला लागूनच नवी दिल्लीचे स्थानक आहे. केरळ एक्सप्रेस तेथून निघते व तिरुवनंतपुरमला जाते. अंतर सुमारे 3000 किलोमीटर. याच लोहमार्गाने केरळातील हजारो मुली पिढ्यान्‌पिढ्या दिल्लीला आल्या आणि येथील रुग्णालयांचा आधार बनल्या. त्यांच्याही आया स्थानकावर रडल्याच असतील. तरीही त्यांनी मुलींना पाठवले, कारण मुलगी कोठे राहणार, काय शिकणार आणि शिकून काय होणार, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा, वाचकहो, आजच संध्याकाळी मुलीला जवळ बसवून एका कागदावर चार रकाने आखा : मान्यता, रुग्णालय, वसतिगृह आणि एकूण खर्च. मनात असलेल्या प्रत्येक शाळेचे नाव लिहून हे रकाने भरा. ज्या शाळेपुढे चारही रकाने समाधानाने भरतील, ती दोन दिवसांच्या प्रवासावर असली तरी तिचा विचार करावा. आणि ज्या शाळेपुढे पहिलाच रकाना कोरा राहील, ती गल्लीच्या टोकाला असली तरी तिच्या पायरीवर मुलीला चढवू नये.