दिसायला एक, शोधायला दोन

सबमिशन जवळ आलं की होस्टेलच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' असे फोल्डर उगवतात. त्यावर इलाज आहे गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं. फायलीतल्या बदलांची ते तारीखवार नोंद ठेवतं.

पण नोंद ठेवणं वेगळं आणि ती सापडणं वेगळं. गिटमध्ये शोधाची सोयही आहे. 'गिट ग्रेप' सगळ्या फायलींत शब्द शोधतं. 'गिट लॉग'ला कॅपिटल एसचा पर्याय जोडला की तो शब्द कोणत्या बदलात आला किंवा गेला, तेही कळतं. "ही ओळ कोणी उडवली?" या भांडणाचा निकाल दोन मिनिटांत!

मग माझी तक्रार काय? आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची, मराठी यादी. एका रात्री 'खोऱ्यातील' हा शब्द शोधला, तर अर्ध्याच नोंदी आल्या. मी पडले कॉन्व्हेंटवाली. वाटलं, आपलंच शुद्धलेखन चुकलं. पण दोन्हीकडे शब्द तोच होता!

शेवटी उलगडा झाला. युनिकोडमध्ये 'ऱ्या' दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. आम्हा दोघी मैत्रिणींचे कीबोर्ड वेगळे, म्हणून टायपिंगही वेगळं. आपण अक्षर वाचतो, गिट संकेत जुळवतं. युनिकोडचे समानतेचे नियम लावले तरी हे दोन प्रकार एक ठरत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की दिसायला सारख्या अक्षरांना शोधताना एक धरणारा पर्याय गिटमध्ये यायला हवा. तो कोण आणणार? परदेशातल्या प्रोग्रामरला हा 'ऱ्या' कधी अडणारच नाही, अडतो तो आपल्याला. गिटचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे. मग फायनल इयरला तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करण्यापेक्षा हे का करू नये?

तोवर निदान ग्रुपमध्ये सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवा. किंवा कमिटच्या आधी आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहून सगळे 'ऱ्या' एकाच प्रकारात आणा.

मराठी स्क्रीनवर दिसते, यातच आपण खूश असतो. पण शोधात न आलेला तलाव उद्या अहवालातूनही गळेल, त्याचं काय?